नाशिकची द्राक्षं युरोपात: निर्यातीच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं युरोपला जाणाऱ्या टेबल द्राक्षांसाठी, म्हणजे ताजी खायच्या द्राक्षांसाठी, आहेत. आखात, रशिया, बांगलादेश यांची गणितं वेगळी असतात. त्यांचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

भारताची द्राक्षं युरोपात नेमकी कधी खपतात?

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या तयार करण्यासाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) होते. गोडी छाटणीनंतर साधारण ११० ते १३० दिवसांत माल तोडणीला येतो, म्हणजे जानेवारी अखेर ते एप्रिल. त्या काळात युरोपच्या बाजारात दक्षिण आफ्रिका, पेरू आणि चिली यांचा माल असतो. मे उजाडला की इजिप्त उतरतो आणि आपला खेळ संपतो. आपली खरी फट आहे ती दक्षिण गोलार्धाचा पांढरा माल (म्हणजे हिरवट द्राक्षं) ओसरू लागल्यापासून इजिप्त येईपर्यंतची, जेमतेम आठ-दहा आठवड्यांची.

युरोपातले आयातदार तारखेत बोलत नाहीत, आठवड्यात बोलतात. ‘आठवा आठवडा’ म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा-चौथा आठवडा. तोडणीची तारीख ठरवताना ‘माल तिकडे कितव्या आठवड्यात उतरणार’ हे आधी धरा आणि मग उलटं मोजत या. दक्षिण आफ्रिकेचा हंगाम लांबला तर त्याच आठवड्यात दोन्ही देशांचा माल भिडतो आणि दर पडतात. तुमच्या बागेत काहीही बिघडलेलं नसताना तुमचा भाव खाली येतो. हे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं.

बागलाणातले (नाशिक जिल्ह्याचा उत्तर भाग) अर्ली, म्हणजे लवकर छाटणीवाले वेगळीच फट गाठतात. पावसाची जोखीम अंगावर घेऊन ते डिसेंबर-जानेवारीत माल काढतात आणि तो मुख्यतः रशिया, आखातात जातो. तिथे दर चांगला मिळतो. मात्र फुलोऱ्यात पाऊस झाला तर पूर्ण बाग जाते.

एका किलोमागे खर्च किती आणि कुठे होतो?

खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या वर्षाचे आकडे घालून पुन्हा मांडणी करा. युरो ९५ रुपये, डॉलर ८५ रुपये आणि ४० फुटी रीफर (शीत) कंटेनरमध्ये १३ टन माल असं धरू.

बागेतला भाव किलोला ८५ रुपये. पनेट (प्लास्टिकची छोटी डबी), खोकं, लायनर (खोक्यातली प्लास्टिक पिशवी), सल्फर पॅड (बुरशी रोखायला गंधकाचा वायू सोडणारा कागद), पॅलेट (खोकी रचायची लाकडी चौकट) आणि पट्ट्या मिळून १८ रुपये. तोडणी, पॅकहाऊसची मजुरी, प्रीकूलिंग (तोडलेला माल झटपट थंड करणं) आणि कोल्ड स्टोरेज १२ रुपये. तपासण्या, प्रमाणपत्रं, कस्टम एजंट आणि नाशिक ते मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर असा जेनसेट (जनरेटर) लावलेला ट्रेलर ५ रुपये. जहाजभाडं ५,००० डॉलर धरलं तर किलोमागे ३३ रुपये. बेरीज १५३ रुपये, म्हणजे १.६१ युरो.

हा झाला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराच्या धक्क्यापर्यंतचा खर्च. त्यावर युरोपचं आयात शुल्क लागतं. जानेवारी ते १४ जुलै या काळात टेबल द्राक्षांवर ते सर्वसाधारणपणे ८ टक्के आहे. त्याचे १३ सेंट होतात. उतरवणी, शीतगृह आणि तपासणीचे १५ सेंट धरा. मग विकणाऱ्याचं कमिशन, विक्री रकमेच्या ८ टक्के. सगळं भागवून हात बरोबरीत यायला किलोला २.०५ युरो दर हवा, म्हणजे साडेचार किलोच्या खोक्याला ९.२ युरो.

आता दर फक्त पाव युरोने घसरून १.८० झाला तर किलोमागे २२ रुपये तोटा, कंटेनरमागे जवळपास २ लाख ९० हजार. पाव युरो वर गेला तर साधारण तेवढाच नफा. पाव युरो इकडे-तिकडे होणं एका आठवड्याचं काम आहे. आणि हा चढ-उतार होतो तेव्हा १५३ रुपये खर्चून झालेले असतात. निर्यातीच्या धंद्यात खर्च आधी आणि दर नंतर, म्हणून ‘भाव काय?’ या प्रश्नाइतकाच ‘हा फरक कुणाच्या खिशातून जाणार?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मग तो फरक कुणाच्या खिशातून जातो?

सौदा कसा झाला यावर ते ठरतं. प्रकार मुख्यतः तीन.

बागेवर ठोक भाव: निर्यातदार किलोचा दर ठरवून माल उचलतो. पुढची जोखीम त्याची. शेतकऱ्याला हाच प्रकार सोपा, पण दर त्यामानाने कमी आणि माल निवडण्याचा अधिकार निर्यातदाराकडे.

किमान हमी दर, ज्याला धंद्यात एमजीपी म्हणतात: आयातदार एक तळाचा दर बांधून देतो आणि विक्री चांगली झाली तर वरचा वाटा मिळतो. ऐकायला उत्तम वाटतं. पण कराराखालची बारीक ओळ वाचा. हमी ‘माल सुस्थितीत पोहोचल्यास’ या अटीवर असते. तिकडच्या तपासणी अहवालात सड ठरावीक टक्क्यांपुढे निघाली की हमी गळते. ही टक्केवारी आणि तपासणी कोण करणार, या दोन गोष्टी सौद्यातच लिहून घ्या.

कन्साइनमेंट: माल पाठवायचा, विकल्यावर खर्च आणि कमिशन कापून जे उरेल ते मिळायचं. पूर्ण जोखीम पाठवणाऱ्याची. तेजीच्या वर्षी याच मार्गाने सर्वाधिक पैसे मिळतात आणि मंदीत जहाजभाडंही अंगावर पडतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या निर्यातदाराने किंवा शेतकरी गटाने कन्साइनमेंटवर अख्खा माल लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एफओबी आणि सीआयएफमध्ये शेतकरी गटाने काय निवडावं?

एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमचा, पुढचं भाडं आणि विमा आयातदाराचा. सीआयएफमध्ये तिकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुमचा. भाडं स्थिर असेल आणि शिपिंग लाइनशी तुमचा वर्षाचा करार असेल तर सीआयएफमध्ये दोन पैसे जास्त सुटतात. भाडं अस्थिर असेल तर एफओबी बरं.

तांबड्या समुद्राच्या प्रश्नाने हिशोब किती बदलला?

खूप. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींचे हल्ले सुरू झाले आणि जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाच आठवड्यांच्या पुढे गेला. भाडं वाढलं हे सगळ्यांना दिसलं. न दिसलेलं नुकसान मालाच्या आयुष्याचं. तोडल्यापासून द्राक्षाला नीट थंडीत साधारण दोन महिने मिळतात. त्यातले दोन आठवडे समुद्रातच वाढले तर सुपरमार्केटच्या फळीवर टिकायला उरतं काय? शिवाय उशिराने आलेली दोन-तीन जहाजं एकाच आठवड्यात उतरतात आणि बाजार तुंबतो.

अशा वर्षी पिकलेला, गर मऊ झालेला माल लांबच्या प्रवासाला घालू नये. कडक मण्याचा, हिरव्या देठाचा लॉट युरोपला आणि बाकीचा आखाताला. न्हावाशेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर आठवड्याच्या आत गाठता येतं.

युरोपला चालणारा माल म्हणजे नक्की कसा?

पांढऱ्या सीडलेसमध्ये मण्याचा व्यास किमान १६ मिलिमीटर, चांगल्या दरासाठी १८ च्या पुढे. गोडी किमान १६ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप). ती बागेत रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. उन्हाच्या बाजूचे मणी, सावलीचे मणी, घडाचं टोक अशा ठिकाणांहून नमुना घ्या, कारण घडाचा खांदा गोड आणि टोक आंबट असं सर्रास असतं. रंग एकसारखा, देठ हिरवा, डाग-ओरखडे नाहीत.

पिंक बेरी ही नाशिकची खास डोकेदुखी. जानेवारीत रात्री पारा खूप उतरतो आणि दुपारी कडक ऊन पडतं, तेव्हा पांढऱ्या मण्यावर गुलाबी झाक चढते. खायला फरक पडत नाही, पण युरोपचा खरेदीदार ते नाकारतो. म्हणून मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागण्याच्या, सुमारास घडांना कागद गुंडाळतात. त्याची मजुरी आणि कागद हा खर्च बागेच्या हिशोबात आधीच धरा.

तोडताना घड देठाला धरायचा, मण्यांना हात लावायचा नाही. मण्यावरचा पांढरट मेणचट थर बोटाने पुसला की तिथे काळपट ठसा दिसतो आणि पारदर्शक पनेटमध्ये तो लपत नाही. कात्री टोकाला बोथट हवी. एक फुटलेला मणी पनेटमध्ये राहिला तर त्याच्या रसावर बुरशी धरते आणि महिनाभराने रॉटरडॅमला आजूबाजूचे दहा मणी घेऊन ती वर येते.

प्रीकूलिंगवर एवढा भर का?

रीफर कंटेनर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करत नाही. ही एक गोष्ट पक्की कळली तर निम्मी सड थांबते.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. तोडल्यापासून चार ते सहा तासांत माल प्रीकूलिंगमध्ये गेला पाहिजे. तिथे सहा ते आठ तासांत मण्याच्या गराचं तापमान ४ अंशांखाली आणायचं. खोलीचं तापमान बघून समाधान मानू नका, सुईचा थर्मामीटर पॅलेटच्या मधल्या खोक्यातल्या मण्यात खुपसून बघा. पुढे साठवण ० अंशाला, आर्द्रता ९० ते ९५ टक्के.

सल्फर पॅड प्रीकूलिंग झाल्यावरच ठेवायचा. गरम मालावर ठेवला तर लायनरच्या आत पाणी सुटतं, पॅड भिजतो आणि गंधकाचा वायू एकदम बाहेर पडतो. मग देठाजवळ मणी पांढरे पडतात. त्या मालाला बुरशी लागत नाही आणि गिऱ्हाईकही लागत नाही. दुहेरी पॅड, म्हणजे पहिल्या दिवसांत जास्त आणि नंतर हळूहळू वायू सोडणारे, लांबच्या प्रवासाला आवश्यक आहेत.

कंटेनर भरताना आतल्या लाल रेषेच्या वर खोकी जाऊ देऊ नका, हवा फिरणं थांबतं. दोन तरी डेटा लॉगर ठेवा, एक दाराशी आणि एक मध्यावर. पुढे वाद झाला तर शिपिंग लाइन किंवा विमा कंपनीपुढे तोच तुमचा साक्षीदार. लॉगर नसेल तर दावा उभाच राहत नाही.

रेसिड्यूचं, म्हणजे फळात उरलेल्या फवारणीच्या औषधांच्या अंशांचं, प्रकरण इतकं कडक का?

युरोपात ज्या औषधाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा लागते. म्हणजे एक टन द्राक्षांत दहा मिलिग्रॅम.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपला माल अडल्यावर रेसिड्यू नियंत्रणाचा राष्ट्रीय आराखडा आला आणि पुढे अपेडाचं (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट उभं राहिलं. त्यात प्लॉटची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, पॅलेट असं सगळं एका साखळीत बांधलेलं असतं. पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यातली संदर्भ प्रयोगशाळा आहे. त्यांची ‘अनेक्श्चर ५’ ही औषधांची यादी बागेच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवलेली हवी. प्रत्येक औषधाच्या पुढे पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते तोडणी यातले दिवस, दिलेले असतात. यादी सुधारत असते, म्हणून मागच्या वर्षीचा कागद वापरू नका.

२०१० चा धडा विसरता येत नाही. वाढ रोखायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, त्या वर्षी युरोपात तपासणीत सापडलं. तिकडची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. अहवाल स्वच्छ असूनही कंटेनर अडले आणि दर कोसळले. सीसीसी वेलीच्या लाकडात साठतं, त्यामुळे खरड छाटणीनंतरचा वापर पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरतो. दुकानदाराने ‘हे टॉनिक आहे’ म्हणून दिलेल्या, घटक न छापलेल्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. अशी बाटली बागेत येऊ देऊ नका.

ग्रेपनेटचा अहवाल पास असेल तर माल अडत नाही ना?

तिकडच्या तपासणीतही मर्यादेत निघाला तर कायद्याने अडत नाही. खरेदीदार मात्र नाकारू शकतो. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच रेसिड्यू चालवून घेतात आणि एका नमुन्यात सापडणाऱ्या औषधांची संख्याही चार-पाचपुरती बांधतात. म्हणजे प्रत्येक औषध मर्यादेत असूनही सात औषधं सापडली तर लॉट त्यांच्यासाठी बाद. त्यामुळे फवारणीचं वेळापत्रक गिऱ्हाईक ठरल्यावर करा. ब्रिटनची मर्यादाही आता युरोपपेक्षा स्वतंत्र आहे, त्यांची यादी वेगळी तपासा. शिवाय सुपरमार्केटला ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेती पद्धतींचं प्रमाणपत्र, लागतंच.

कागदपत्रं कोणती, आणि कुठे चुकतं?

पहिल्या कंटेनरआधी करायची कामं: डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालय) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक (शुल्क ५०० रुपये), अपेडाची आरसीएमसी, म्हणजे निर्यातदार सदस्य नोंदणी, एफएसएसएआयचा अन्न परवाना, बँकेचा एडी कोड (तुमच्या बँक शाखेचा परकीय चलनाचा क्रमांक) बंदराच्या कस्टममध्ये नोंदवणं आणि लागू असेल तर जीएसटीचं एलयूटी, म्हणजे करमुक्त निर्यातीचं हमीपत्र. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. मार्च-एप्रिल हा आपला ऐन हंगाम, म्हणून १ एप्रिलनंतरच्या पहिल्या कंटेनरला हमखास हेच राहून जातं.

प्रत्येक कंटेनरला: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमचा निर्यात अर्ज), अॅगमार्क प्रमाणपत्र (प्रतवारीचं), फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (कीड-रोग नसल्याचं, थोडक्यात फायटो) आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती). फायटो माल निघण्याआधीच्या १४ दिवसांतलं हवं. चुका बहुतेक वेळा साध्या असतात. फायटोवर एक कंटेनर नंबर आणि बिल ऑफ लेडिंगवर दुसरा. खोक्यांची संख्या पॅकिंग लिस्टमध्ये २,८८० आणि फायटोत २,८०८. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा आयपीपीसी शिक्का नाही. अशा एका चुकीने कंटेनर तिकडच्या बंदरात वीज आणि जागेचं भाडं भरत उभा राहतो, आणि माल रोज जुना होतो.

रोडटेप (निर्यात मालावरचे कर परत देणारी सरकारी योजना) सवलतीचा दावा शिपिंग बिल भरतानाच नोंदवावा लागतो. तो रकाना रिकामा सोडला तर सवलत गेली.

माल पोहोचल्यावर ‘क्वालिटी क्लेम’ आला. खरं-खोटं कसं ओळखावं?

पहिल्या २४ ते ४८ तासांतला तपासणी अहवाल मागा, फोटोंसह. फोटोत पॅलेटचा लेबल नंबर दिसला पाहिजे, नुसती सडलेली द्राक्षं नकोत. किती खोकी उघडली, सड-मणीगळ-तडे यांचं वेगवेगळं प्रमाण, गराचं तापमान आणि देठाचा रंग हे सगळं त्यात हवं. देठ तपकिरी आणि मणी ठीक असेल तर माल सुकलाय, म्हणजे आर्द्रता किंवा प्रीकूलिंगला उशीर. एकाच शेतकऱ्याच्या पॅलेटमध्ये सड असेल तर बागेत शोधा. दाराकडच्या सगळ्याच पॅलेटमध्ये असेल तर कंटेनरमध्ये.

मोठा दावा असेल तर त्रयस्थ सर्व्हेअर लगेच बोलवा. चार-पाचशे युरोचा खर्च वाचवताना अनेक जण चार-पाच हजार युरोंची कपात मान्य करून बसतात. दावा दर घसरल्यावर आठवडाभराने आला असेल तर विशेष सावध व्हा. बाजार पडला की चांगल्या मालातही खोडी निघतात.

पैसे बुडू नयेत म्हणून काय करावं?

नव्या आयातदाराकडून काही रक्कम आगाऊ घ्या आणि बाकीची कागदपत्रांवर. मोकळ्या उधारीवर माल द्यायचाच तर ईसीजीसीचं (निर्यात पतविम्याची सरकारी कंपनी) विमा संरक्षण घ्या आणि त्या खरेदीदाराची पत मर्यादा आधी मंजूर करून घ्या. मात्र हे लक्षात ठेवा: ईसीजीसी खरेदीदार बुडाला किंवा त्याने पैसे दिले नाहीत तर भरपाई देतं. दर पडला किंवा माल सडला हे त्यात येत नाही.

विक्री युरोत, भाडं डॉलरमध्ये आणि शेतकऱ्याचं देणं रुपयात. वरच्या हिशोबात युरो ९५ वरून ९१ वर आला तर तेवढ्यानेच किलोमागे सहा-सात रुपये जातात. ठरलेल्या दराच्या सौद्यांपुरतं बँकेकडे फॉरवर्ड बुकिंग करा, म्हणजे पुढच्या तारखेचा युरोचा दर आजच पक्का करा. कन्साइनमेंटचं पूर्ण बुक करू नका, कारण किती युरो येणार हेच माहीत नसतं.

शेतकऱ्याने निर्यातदाराशी लेखी सौदा करावा: दर, प्रतवारी, तोडणीची तारीख, पैसे किती दिवसांत, आणि नाकारलेल्या मालाचं काय. पहिल्या तोडणीचे पैसे खात्यात आल्याशिवाय दुसरी तोड देऊ नये, हा जुन्या बागायतदारांचा नियम आजही योग्यच आहे.

निर्यातीत न बसलेला माल?

यावर बागेचा हिशोब तरतो किंवा बुडतो. एकरी १० टन माल निघाला आणि त्यातला ७ टन निर्यातीला ८५ रुपयांनी गेला, उरलेला ३ टन लोकलला ३० रुपयांनी, तर सरासरी साडेअडुसष्ट रुपये पडते. बागेवर कुणी सरसकट ७० रुपये देत असेल तर तो सौदा जास्त चांगला आहे, आणि रेसिड्यूची धाकधूकही त्यात कमी.

बेदाण्याचा पर्याय तासगाव-सांगली, पंढरपूर भागात सोपा, कारण सुकवायच्या रॅक आणि बाजार दोन्ही जवळ. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. त्यावर प्रक्रियेची मजुरी आणि साठवण धरून तुमच्या द्राक्षाला किलोला किती पडले ते काढा. निर्यातीसाठी जीएने (जिबरेलिक आम्ल, मणी मोठा करणारं संजीवक) फुगवलेला, पाणीदार मणी बेदाण्याला उताराही कमी देतो, म्हणून निर्यातीची बाग ऐनवेळी बेदाण्याकडे वळवली तर ४ ऐवजी साडेचार-पाच किलोचा हिशोब धरा.